देवाच्या घरची घरपट्टी

देवळाने कर भरावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहिला तर कचेरीतला वाटतो. वकिलाने, कारकुनाने आणि विश्वस्तांनी मिळून तो सोडवावा, कीर्तन ऐकणाऱ्याने त्यात कशाला डोके घालावे, असे कुणीही म्हणेल. परंतु थोडे खोल गेले म्हणजे कळते की हा प्रश्न धर्माचाच आहे. दहाजणांच्या गाठोड्यात कुणी किती घालायचे आणि कुणी काही न घालता बाजूला राहायचे, याचा निवाडा नीतीवाचून होत नाही. म्हणून वारकरी बांधवहो, आज त्याचा जरा विचार करू.

कामोठ्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच पंगतीला बसलेल्या दिसतात. पनवेलच्या खाडीजवळचे हे मूळचे आगऱ्यांचे गाव. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या माणसाच्या हातात नांगराऐवजी नुकसानभरपाईचा कागद आला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात आंदोलन झाले, त्यात पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या सगळ्या घालमेलीत गावाने एक गोष्ट जिवापाड जपली. गावचे देऊळ, तिथला हरिपाठ आणि दरसालचा सप्ताह.

त्याच कामोठ्यात मग सेक्टर पडले, इमारती उठल्या. घाटावरून, तळकोकणातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली. मानसरोवर नाही तर खांदेश्वर स्टेशनावर सकाळची गाडी धरायची आणि महिन्याच्या महिन्याला घराचे हप्ते फेडायचे, असा त्यांचा संसार. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्या हद्दीत आले. २०२१ साली मालमत्ता कराची बिले आली, ती मागल्या २०१६ पासूनची. लोक म्हणाले, या काळात आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरले आहे, मग एकाच सोयीचे दोनदा पैसे का? विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादाचा निकाल सांगण्याची ही जागा नव्हे. इतकेच म्हणायचे की कर म्हणजे काय, हे कामोठ्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आता एकादशीच्या कीर्तनाला हे दोघेही मांडीला मांडी लावून बसतात. गाववाला म्हणतो, "शेत गेलं, खाचर गेलं, देऊळ तेवढं राहिलं. आता त्याच्यावरही पट्टी?" बिऱ्हाडकरू म्हणतो, "मी दोन खोल्यांची पट्टी भरतो. देवळाच्या हॉलमध्ये लग्नं लागतात, त्याचं भाडं येतं. त्यानं का भरू नये?" दोघेही माळकरी, दोघेही खरे बोलणारे. कुणाचे म्हणणे टाकून द्यावे?

आपल्याकडची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष पुरता मांडावा. समोरच्याचे बोलणे अर्धे ऐकून उत्तर देणे हा वाद नव्हे, भांडण होय. तेव्हा कर माफ असावा असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी पाहू.

त्यांचे पहिले म्हणणे परंपरेचे. राजाने धर्मस्थानाकडून कर घेऊ नये, ही चाल फार जुनी आहे. वेदपाठी श्रोत्रियाकडून राजाने कर घेऊ नये असे मनुस्मृती सांगते. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा शिलालेख आहे. डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंना शेत दिल्याचे त्यात कोरले आहे, आणि त्या शेतात सरकारी माणसाने शिरू नये, तिथे मीठ खणू नये, अशीही आज्ञा आहे. पुढे यादवांपासून पेशव्यांपर्यंत देवस्थानांच्या इनाम जमिनी सारामाफ राहिल्या. इंग्रजांनी १८५२ साली इनाम कमिशन नेमून सनदा तपासल्या, पुष्कळांची इनामे गेली. तरी देवस्थान इनाम हा वर्ग त्यांनाही मोडता आला नाही.

दुसरे म्हणणे व्यवहाराचे. देऊळ कुणाच्या मालकीचे नसते. तिथे नफा नाही, वाटणी नाही. भाविकाने आपल्या मिळकतीवरचा कर आधीच भरलेला असतो. उरलेल्या घामाच्या पैशातला रुपया तो पेटीत टाकतो. त्या रुपयावर पुन्हा कर घेणे म्हणजे एकाच उसाचा दोनदा रस काढणे.

तिसरे म्हणणे सगळ्यात वजनदार. कर घेणाऱ्याला जप्तीचा अधिकार असतो. आज देवळाला पट्टी लावली आणि उद्या ती थकली, तर काय करणार? गाभाऱ्याला टाळे ठोकणार? पंढरीनाथाच्या मंचकाचा लिलाव पुकारणार? १९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यूयॉर्कमधल्या चर्चच्या करमाफीचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने माफी कायम केली. त्यामागचे एक कारण हेच होते. कर लावला तर सरकारला प्रार्थनास्थळाची किंमत ठरवावी लागेल, बोजा चढवावा लागेल, वेळ आली तर ते विकावे लागेल. त्यापेक्षा दोघे एकमेकांपासून चार हात दूर असलेले बरे.

हा पूर्वपक्ष हलका नाही. त्यातले तिसरे म्हणणे तर आम्हांला पूर्ण मान्य आहे. नामस्मरणाच्या जागेवर सत्तेचा हात नसावा. इंग्रजी अमदानीत पंढरपुरात यात्रेकरूंवर कर बसवलेला होता. पटकीची साथ, अस्वच्छता, त्याचा बंदोबस्त हवा, ही कारणे खोटी नव्हती. पण पंढरीच्या ओढीने अनवाणी चालत आलेल्या गरिबाला वेशीत अडवून दर्शनाची किंमत मागायची, हे मनाला पटत नाही. अकबर बादशहाने १५६३ साली यात्रेकरूंवरचा कर उठवला, ही गोष्ट त्याच्या मोठेपणात आजही धरली जाते. आमच्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानेही सांगून ठेवले आहे की एखाद्या विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी वेगळा काढलेला कर कुणावरही लादता येणार नाही. जर्मनीत सरकार आपल्या यंत्रणेने चर्चच्या सभासदांकडून चर्चचा कर गोळा करून देते. आपल्याकडे ती वाट नाही, आणि नसलेलीच बरी.

मग उत्तरपक्ष कुठे सुरू होतो? तो सुरू होतो एका साध्या शंकेपासून. माफी म्हणजे काय? माफ केलेली रक्कम जाते कुठे?

देवळासमोरचा रस्ता झाडावाच लागतो. दिवाबत्ती, गटार, पाण्याची नळवाट, सप्ताहानंतरच्या पत्रावळ्यांचा ढीग उचलणारी गाडी, यांचा खर्च देवळाला माफी दिल्याने कमी होत नाही. तो खर्च ठरलेलाच असतो. एकाने वाटा उचलला नाही की तो बाकीच्यांच्या माथी बसतो. म्हणजे माफी देणारा कागदोपत्री सरकार असला, तरी खरा देणारा शेजारी आहे. वरच्या मजल्यावरचा बिऱ्हाडकरू, कोपऱ्यावरचा भाजीवाला, घरकाम करून पोट भरणारी बाई, यांनी थोडे थोडे जास्त भरले तेव्हा देवळाला माफी मिळाली. त्यांतले कित्येक आमच्या संप्रदायाचे नाहीत. काही दुसऱ्या धर्माचे आहेत, काही देवच न मानणारे आहेत. त्यांनी आपल्याला काही दिले आहे, याची जाणीव तरी आपण ठेवतो काय?

सम्राट अशोकाची गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. बुद्धांचा जन्म झालेल्या लुंबिनीला तो गेला, तिथे त्याने स्तंभ उभारला आणि त्यावर कोरून ठेवले की लुंबिनी गावाचा बळी माफ केला आहे आणि राजभाग आठव्या हिश्शावर आणला आहे. पाहा, पवित्र स्थळाचा मान करायचा म्हणून त्याने सूट दिली ती गावाला. नांगर धरणाऱ्यांच्या ओझ्यातले थोडे त्याने उतरवले. पवित्र जागेचा महिमा शेजाऱ्याचे ओझे हलके करण्यात दिसतो. देवळामुळे शेजाऱ्याचे ओझे वाढत असेल, तर कुठेतरी हिशेब चुकला आहे असे समजावे.

आणि परंपरा म्हणाल तर ती एकाच बाजूची नाही. खजिना रिता पडला, राज्यावर संकट आले, तर देवतांच्या अध्यक्षाने देवळांचे धन एकत्र करून राजकोशात आणावे, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. तेव्हा 'पूर्वी असे होते' एवढ्यावर हा वाद मिटणारा नाही. पूर्वी दोन्ही होते.

मग वारकऱ्याने कुणाकडे पाहावे? आपल्या संतांकडे. आणि या प्रश्नावर आपल्याकडे एक अशी कथा आहे की तिच्यासारखा दृष्टांत शोधून सापडायचा नाही. ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात ती सांगितली आहे, आणि लहानपणी ती ऐकली नाही असा वारकरी विरळा. बेदरच्या बादशहाचे दामाजीपंत अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली. पंतांनी सरकारी कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. बादशहाला कळले, पंतांना धरून नेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला, दरबारात धान्याची पुरी किंमत मोजली, आणि भरल्याची पावती घेऊन ती पंतांच्या गीतेच्या पोथीत ठेवली.

ही कथा आपण कशासाठी सांगतो? भक्तासाठी देव धावतो म्हणून. ते खरेच आहे. परंतु जरा थांबून पाहा, देवाने धावून जाऊन काय केले? तो त्रैलोक्याचा धनी. बादशहाची बुद्धी फिरवणे त्याला अवघड नव्हते. 'हे धर्मकार्य आहे, याचा हिशेब मागू नकोस' असे सांगणेही अवघड नव्हते. त्याने यातले काहीच केले नाही. त्याने पैसे भरले. पुरते भरले, आणि पावती घेतली! ज्या खजिन्याचे देणे होते तो खजिना परक्या धर्माच्या राजाचा होता, तरी देणे ते देणे. कोठार फोडून भुकेल्याला दिले, हा धर्मच झाला. तरी कोठाराचा हिशेब पुरा झाला पाहिजे, हाही धर्मच.

करमाफी म्हणजे कोठारातले धान्यच आहे. ते सरकारच्या मालकीचे नाही, ते लोकांचे आहे. सरकार नुसते त्याचे कोठावळे. देवस्थानाला मिळणारी प्रत्येक सूट हे त्या कोठारातून काढलेले पायलीभर धान्य. ते भुकेल्याच्या ताटात, दमलेल्या वारकऱ्याच्या पथारीत, बिनपैशाच्या कीर्तनात पोचले, तर ती सूट दामाजीपंतांच्या हातची आहे. ते मध्येच कुणाच्या ओसरीत अडले, तर तिला धर्मकार्य म्हणू नये. आणि दोन्ही वेळा हिशेब हवाच.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण या बाबतीत कायदा वाटतो तितका धर्मापासून दूर नाही. महानगरपालिकांचा जो १९४९ चा कायदा पनवेलला लागू आहे, त्याच्या १३२ व्या कलमाने केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा सार्वजनिक दानधर्मासाठी वापरात असलेली इमारत, किंवा तिचा तेवढा भाग, सर्वसाधारण करातून सोडला आहे. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, शीख असा भेद नाही. मात्र ज्या भागात व्यापारधंदा चालतो किंवा ज्याचे भाडे येते, तो भाग सुटत नाही. ते भाडे सगळेच्या सगळे धर्मकार्याला लावले तरी सुटत नाही. एकाच इमारतीतला माफीचा भाग आणि कराचा भाग या दोन वेगळ्या मालमत्ता समजाव्यात, असेही तो सांगतो. आणि माफी आहे ती सर्वसाधारण कराची. वापरलेल्या पाण्याचे पैसे तिच्यात येत नाहीत.

आयकराची रीतही याच वळणाची आहे. १९६१ च्या कायद्याने घातलेली आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही मूळ रूपात ठेवलेली ती रीत अशी: सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे उत्पन्न धर्माच्या वा दानाच्या कामी लागले तर त्यावर कर नाही, परंतु शंभरातले पंच्याऐंशी कामी लागले पाहिजेत, आणि विश्वस्ताने किंवा त्याच्या नातलगाने त्यातून आपला लाभ साधला तर सूट गेली. निनावी देणग्यांवर २००६ पासून कर बसला, तरी निव्वळ धार्मिक संस्थांच्या दानपेटीला त्यातून वगळले. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या निनावी दानाचा वाद पुढे न्यायालयात गेला. संस्थान धार्मिकही आहे आणि सेवाभावीही आहे असे धरून २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पेटीत नाव न सांगता टाकणाऱ्याचा भाव न्यायालयाने ओळखला, हे चांगलेच झाले. पण पेटीवर कर नाही म्हटल्यावर पेटीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती, त्यांची जबाबदारी दुप्पट झाली.

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला, त्यातही हेच तत्त्व दिसते. धार्मिक विधीवर कर नाही. नोंदलेल्या देवस्थानाच्या आवारातली खोली दिवसाला १,००० रुपयांच्या आत, सभागृह दिवसाला १०,००० च्या आत आणि गाळा महिन्याला १०,००० च्या आत भाड्याने दिला तर कर नाही. भाडे त्या आकड्याला पोचले की कर. म्हणजे वारकऱ्याची साधी खोली सोडली आणि थाटाची खोली धरली. या सगळ्या कलमांतून एकच सूत्र निघते, आणि ते आमच्या भाषेत असे सांगता येईल: जिथे दाम नाही तिथे कर नाही, जिथे दाम आहे तिथे देवाचे नाव पुढे करू नये.

कुणी शंका घेईल, "महाराज, आमच्या गाळ्याचं भाडं अन्नदानाला जातं. त्यावर पट्टी भरली तर पंगतीतली पन्नास पानं कमी होतील. हे पुण्य की पाप?" शंका प्रामाणिक आहे. समाधान असे. देवळाचा एक गाळा आणि रस्त्यापलीकडचा एका गरीब वाण्याचा गाळा, दोघेही तेच सामान विकतात. वाणी पट्टी भरतो, देवळाचा गाळा भरत नाही. वाण्याच्या धंद्यावर घाव बसला तो देवाच्या हाताने. शिवाय न भरलेल्या पट्टीतून जे अन्नदान झाले, त्याचे पैसे शेजाऱ्यांनी दिले. त्यांना न विचारता दिले, आणि नामफलकावर नाव मात्र दुसऱ्याचे लागले. दान आपल्या घासातले असावे. पन्नास पाने कमी झाली तर गावाला सांगावे, गाव पन्नास घरांतून शिधा आणून देईल. वारकऱ्यांची पंगत आजवर माधुकरीवर आणि वर्गणीवर चालली आहे, लपवलेल्या पट्टीवर नाही.

आणि आपल्या दिंडीत तरी दुसरे काय चालते? वारीला निघताना प्रत्येकजण भिशी भरतो. त्यातून शिधा, तंबू, टँकर, मालाची गाडी यांचा खर्च भागतो. पुष्कळ दिंड्यांत विणेकऱ्याकडून भिशी घेत नाहीत. का? तो मोठा म्हणून नव्हे. सगळ्यांसाठी तो वीणा खांद्यावर वागवतो म्हणून. एखाद्या म्हातारीपाशी पैसे नसतील, तर ती भाकऱ्या थापते, आणि तिलाही कुणी मागत नाही. पण त्याच दिंडीत कुणी चहाची टपरी लावली, आपल्याच वारकऱ्यांकडून पैसे घेतले, आणि भिशीच्या वेळी म्हणाला, 'मी माळकरी, मला माफ करा', तर दिंडीचालक काय म्हणेल? माफी सेवेला असते, माळेला नसते. दिंडीत जे आपल्याला लख्ख कळते, ते गावात आल्यावर का कळू नये?

आणखी एक गोष्ट विसरू नये. आज वारीच्या वाटेवर जे पाण्याचे टँकर, शौचालये, दवाखाने उभे राहतात, ते कराच्या पैशातून. आळंदी-देहूहून पंढरीला जाणाऱ्या पालखी महामार्गाच्या कामाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले, तो रस्ताही सार्वजनिक पैशाचा. २०२४ साली राज्याच्या अर्थसंकल्पात दर दिंडीला २० हजार रुपये देण्याचे जाहीर झाले, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी ते नको म्हटले, काहींनी घेतले. घेणे योग्य की अयोग्य, हा निराळा प्रश्न आहे. परंतु घेताना 'लोकांचा पैसा आहे, वारकरीही लोकच' असे म्हणायचे आणि देताना 'देवाला कसला कर' असे म्हणायचे, ही दोन तोंडे एका माळकऱ्याला शोभत नाहीत.

'सार्वजनिक उपासना' या शब्दाचीही जबाबदारी आहे. माफी मिळते ती दार सगळ्यांना उघडे असते म्हणून. पंढरीचे दार सगळ्यांना उघडे व्हावे यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले. तेव्हा ज्या देवळात कुणाला पायरीवर थांबवतात, किंवा जे देऊळ बंगल्याच्या आवारात घरच्यांपुरतेच आहे, त्याने 'सार्वजनिक' म्हणून सूट मागू नये. तसेच मोकळ्या जागेवर रातोरात मूर्ती बसवायची आणि मूर्तीच्या आडून जागा धरायची, याला भक्ती म्हणत नाहीत. देवाला पहारेकरी करून ठेवणे आहे ते.

इथे गाववाल्याच्या मनातली भीती उरते: "पट्टी भरायला लागलो की सरकार देवळात शिरेल." या भीतीचेही समाधान केले पाहिजे. कर देणे आणि कारभार हाती देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा झाला, धर्मादाय आयुक्त आले, संस्थांकडून वर्गणी घेण्याचे ठरले. त्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ च्या निकालात न्यायालयाने ती वर्गणी कर नसून देखरेखीच्या कामाची फी आहे असे ठरवून ती कायम केली; पण त्याच निकालात देवस्थानाचा पैसा मूळ हेतूपासून दुसरीकडे वळवण्याची वाट उघडणाऱ्या काही तरतुदी रद्द केल्या. म्हणजे हिशेब मागता येतो, हेतू बदलता येत नाही. आणि अनुभव असा की सरकारला देवळात शिरायला वाट सापडते ती बहुधा भांडणातून आणि अंधाऱ्या हिशेबातून. ज्याचा हिशेब चव्हाट्यावर लावलेला आहे, त्याच्या दारात कुणी विनाकारण येत नाही.

पंढरपुरातला चौऱ्यांशीचा शिलालेख पाहा. शके ११९५ ते ११९९ या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी कुणी काय दिले, ते दगडावर कोरून भिंतीत बसवले. देणाऱ्यांत मोठेही आहेत आणि सामान्यही आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसांना वाटले की देवाचा जमाखर्च सगळ्यांना दिसला पाहिजे, आणि छापखान्याच्या काळात आपण तो कपाटात ठेवावा?

आणि सगळ्यांत मोठे उदाहरण गाडगेबाबांचे. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर आले. पण बाबांनी त्या इमारतींत आपला संसार थाटला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा मागे खराटा आणि गाडगे. गावात शिरताच बाबा आधी रस्ता झाडत, मग कीर्तन करीत. म्हणजे गावावर आपले ओझे पडण्याआधी गावाचे थोडे ओझे उचलायचे. पट्टी तरी दुसरे काय आहे? आपल्या हाताने रोज रस्ता झाडता येत नाही, म्हणून झाडणाऱ्याचा पगार भरायचा.

तेव्हा कामोठ्याच्या त्या दोघांना काय सांगावे? गाववाल्याला सांगावे: दादा, तुमचे म्हणणे खरे आहे. गाभारा, सभामंडप, बिनपैशाची धर्मशाळा, अन्नछत्र यांवर पट्टी नसावी, आणि चुकून लावली तर कायद्याने भांडून ती काढून घ्यावी. तुम्ही एकदा जमीन दिली आहे. देवाच्या पायरीचे पैसे तुमच्याकडून कुणी मागू नयेत. पण लग्नाचा हॉल आणि रस्त्यावरचे गाळे यांची गोष्ट निराळी. ते मोजून वेगळे दाखवा, त्यांची पट्टी वेळेवर भरा, आणि भरल्याची पावती दानपेटीशेजारी भिंतीवर लावा. बिऱ्हाडकरूला सांगावे: भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण देवळाच्या ओट्यावर बसून तुमच्या आईला जे मिळते, त्याला बाजारात भाव नाही. ज्याला भाव नाही त्यावर कर कसा मोजणार? तेवढे तुमच्या पट्टीतून गेले तर गेले, असे समजा. आणि दोघांनी मिळून महानगरपालिकेला विचारावे, आम्ही भरले त्याचे तुम्ही काय केले? तोही अधिकार भरणाऱ्याचाच असतो.

विश्वस्तांना एकच विनंती. कार्तिकी एकादशीला कीर्तन सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा: पेटीत किती आले, भाडे किती आले, पट्टी किती भरली, पंगतीला किती लागले. ऐकणाऱ्यांत आपल्या संप्रदायाचा नसलेला शेजारीही बोलावून बसवावा, कारण माफीत त्याचाही वाटा आहे. पांडुरंगाने बेदरच्या दरबारात पावती घेतली, ती आपल्याला दाखवण्यासाठीच घेतली असे समजून चालावे.

रामकृष्णहरी.